दोन-आठच्या बांगड्या

ती माझ्याकडे आवाजासाठी आली होती. आवाज जाड झालाय, हरिपाठाला वर चढत नाही आणि रात्री घोरते म्हणून सासू ओरडते, एवढंच तिचं गाऱ्हाणं. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की आत डोंगरात तिचं गाव. वय 42. नवरा मुंबईत नोकरीला, घरी सासू, दोन म्हशी आणि थोडी भातशेती.

महाडात कान-नाक-घशाचा दवाखाना चालवायला लागून मला 20 वर्षं होऊन गेली. आवाज बसलेली माणसं रोज येतात. स्वरयंत्र बघायला कापडात तिची जीभ धरायला गेलो तर ती चिमटीत मावेना. जाड, रुंद, कडांवर दातांचे ठसे उमटलेले. स्वरतंतूंवर गाठ नव्हती, फोड नव्हता. मी आरसा बाहेर काढला, तिने तोंड पुसायला पदर वर घेतला आणि मनगटात रुतलेल्या हिरव्या बांगड्या दिसल्या.

"ताई, बांगड्या घट्ट होतात का?"

"कासार पण तेच बोलला," ती म्हणाली. "लग्नात दोन-चारच्या भरलेल्या. मग दोन-सहाच्या. आता दोन-आठच्या, त्या पण साबण लावून."

अंगाने ती सुटलेली नव्हती. पायातल्या चपला नवऱ्याच्या होत्या. जोडवी कधीच काढून ठेवली होती. मी तिचं आधार कार्ड मागितलं. त्यावरचा फोटो दहाएक वर्षांपूर्वीचा. फोटोतली बाई समोरच्या बाईची धाकटी बहीण वाटली असती. आता नाक फुगलेलं, भुवयांचं हाड पुढे आलेलं, खालचा जबडा लांबलेला, पुढच्या दातांत फटी. घरच्यांना हा बदल दिसत नाही, कारण तो रोज थोडाथोडा होतो. वर्षातून एकदोनदा तिचा हात हातात घेणाऱ्या कासाराला तो दिसला होता.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. तिला उजवा डोळा झाकायला सांगितला, माझा डावा मी झाकला. "माझ्या नाकाकडे बघत राहा, बोट दिसलं की सांगा." बोट तिच्या कानाच्या बाजूने हलवत आत आणायला लागलो. मला ते केव्हाच दिसत होतं. तिला खांद्याच्या रेषेवर दिसलं नाही, गालाच्या रेषेवर दिसलं नाही. जवळजवळ आम्हा दोघांच्या मधोमध आलं तेव्हा ती म्हणाली, "हां, आता." दुसऱ्या डोळ्याचंही तेच. घोड्याला ढापणं लावतात तशी तिची नजर दोन्ही अंगांनी मिटत आली होती. हल्ली गोठ्याच्या चौकटीला खांदा लागतो, असं तिने मग सांगितलं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. चष्म्याचा त्यात काहीच दोष नव्हता.

नाकाच्या अगदी मागे, डोक्याच्या मध्यावर स्फेनॉइड नावाची हवेची पोकळी असते. तिच्या छतात हाडाचा एक खळगा असतो. घोड्याच्या खोगिरासारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रात त्याला तुर्की खोगीरच म्हणतात. त्या खोगिरात वाटाण्याएवढी पिट्युटरी बसलेली असते. शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका ग्रंथी. वजन अर्धा ग्रॅम, पण उंची, पाळी, दूध, थायरॉइड, अंगातलं पाणी, या सगळ्यांना हुकूम तिचा. तिच्या डोक्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात आणि दोन्ही बगलांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. तिथे गाठ झाली आणि वर सरकली की नसांचा तो चौक खालून दाबला जातो आणि बाहेरच्या बाजूची नजर आधी जाते. गाठ जर वाढीचं हार्मोन तयार करणारी असेल तर मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, कारण हाडांची टोकं मिटलेली असतात. वाढतात ते हात, पाय, जबडा, जीभ. सोबत साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हृदय जाड होतं.

मी तिला एवढं सगळं सांगितलं नाही. डोक्यात, नाकाच्या मागे एक गाठ असणार, बहुधा कॅन्सरची नाही, पण नजर घेऊन जाईल, असं सांगितलं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "शिमगा झाल्यावर जाऊ का?"

आमच्याकडे शिमग्याला मुंबईकर गावी येतात, घरोघरी पालखी येते, त्या आधी घरची बाई घर सोडत नाही. मी नाही म्हणालो. एवढ्या कडक शब्दांत मी सहसा बोलत नाही. पण मला एक जुना मुलगा आठवत होता.

दवाखाना टाकला त्याच वर्षाच्या मे महिन्यात तो मुलगा आला. वय 13. घोळणा फुटतो म्हणून. घोळणा आमच्या भागात कोणाला नवा नाही. उन्हाळ्यात पोरांचे घोळणे फुटतात, आई कांदा फोडून हुंगायला देते, डोक्यावर पाणी ओतते, पोराला उताणं निजवते. उताणं निजवू नये, रक्त पोटात जातं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं घट्ट धरला तर बहुतेक घोळणे तेवढ्यावर थांबतात, कारण रक्त नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून येत असतं. मी त्याचं नाक पुढून बघितलं, वात भरली, नाकात बोट घालू नको म्हणालो आणि घरी पाठवलं. महिन्याभराने पुन्हा तेच. पुन्हा वात. त्याची एकच नाकपुडी सतत बंद असते हे आई सांगत होती. मी ते सर्दीच्या खात्यात टाकलं.

तीन महिन्यांनी, भर पावसात, त्याला रिक्षातून आणला तेव्हा त्याचे ओठ कागदासारखे पांढरे होते. हिमोग्लोबिन 5.

वयात येणाऱ्या मुलग्यांना, आणि जवळजवळ फक्त मुलग्यांनाच, नाकाच्या मागच्या कोपऱ्यात रक्तवाहिन्यांची एक गाठ होते. अँजिओफायब्रोमा तिचं नाव. कॅन्सर नाही, पण वाट फुटेल तिकडे पसरते: गालामागे, डोळ्यामागे, कवटीच्या तळाला. एक नाकपुडी बंद आणि भळाभळा रक्त, एवढ्या दोन खुणा पुरतात. आम्हाला शिकवलेलं होतं: अशा गाठीचा तपासणीसाठी तुकडा कधी काढायचा नाही, टेबलावर पोरगा जाईल. तुकडा मी काढला नव्हता. पण बघितलंही नव्हतं. तेव्हा माझ्याकडे कपाळावरचा आरसा आणि नाक उघडायचा चिमटा, एवढंच होतं. त्यातून नाकाचा ओटा दिसतो, माजघर दिसत नाही. तरी आईचं ऐकलं असतं तर कळलं असतं. याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून राहिले, घामाची, नाडीची, श्वासाची नोंद करत राहिले, आणि त्या नोंदींतून प्रॅझोसिनचा उपचार उभा राहिला. जग त्यांना लॅन्सेटमधल्या लेखांनी ओळखतं, 2022 साली पद्मश्री मिळाली. आमच्यासाठी ते शेजारचं उदाहरण होतं आणि मी एका पोराचे तीन महिने घालवले.

त्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली, त्या काळच्या रीतीने. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने ओठापर्यंत चीर देऊन नाक बाजूला केलं आणि गाठ काढली. पोरगा वाचला. वर्षभर शाळेच्या फोटोत तो मान वळवून उभा राहायचा. पुढे मिशी आली, खालचा व्रण झाकला. नाकाच्या कडेची रेघ अजून आहे. बाजारात भेटला की "काय डॉक्टर" म्हणून हात करतो, आणि मला आधी ती रेघ दिसते.

त्यानंतर मी बँकेचं कर्ज काढून एंडोस्कोप घेतला. पेन्सिलीहून बारीक, 4 मिलिमीटर जाडीची, वीतभर लांब सळी. हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने नळीत काचेचे लांब दांडे बसवून प्रकाश नेण्याची युक्ती काढली आणि 1960च्या दशकात कार्ल स्टॉर्झने ती बाजारात आणली. मला विकणाऱ्या माणसाने फक्त किंमत सांगितली होती. ही हकिगत मी नंतर वाचली. पहिल्या दिवशी मी तो माझ्या कंपाउंडरच्या नाकात घातला आणि घशाच्या छतापर्यंत सगळं दिसलं तेव्हा त्याला चहा पाजून दहा मिनिटं बसवून ठेवलं.

बऱ्याच वर्षांनी असाच दुसरा मुलगा आला, त्याला मी पहिल्याच भेटीत ओळखलं. गुळगुळीत, लालसर जांभळी गाठ, वर बारीक शिरांचं जाळं. हात लावला नाही. मुंबईला आदल्या दिवशी मांडीच्या धमनीतून नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बुजवली आणि दुसऱ्या दिवशी नाकातूनच गाठ काढली. चेहऱ्यावर ओरखडा नाही. पंधरा दिवसांनी तो क्रिकेट खेळू का विचारत होता.

तर, ही ताई. आमच्याकडे मोठ्या दुखण्याला "परळला नेलं" म्हणतात. केईएम, टाटा, वाडिया, सगळी परळात, आणि लालबाग-परळच्या चाळींत गावोगावच्या मंडळांच्या खोल्या. गिरण्या गेल्या, पण खोल्या राहिल्या. नवरा तिला तिथेच घेऊन गेला. एका खोलीत गावचे नऊ-दहा पुरुष राहायचे, त्यांनी कोपऱ्याला साडीचा आडपडदा करून दिला. एम.आर.आय.मध्ये गाठ सुपारीएवढी निघाली. केशरी शिधापत्रिका असल्याने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसली. 2012 साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता, त्यामुळे इथल्या माणसांना तिचे कागद पाठ झालेत.

तिच्या शस्त्रक्रियेला मला आत उभं राहू दिलं. नाकातून पिट्युटरीपर्यंत जाणाऱ्या या रस्त्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. 1907 साली इन्सब्रुकमध्ये हेर्मान श्लोफरने नाक बाजूला उलटवून पहिल्यांदा पिट्युटरी गाठ काढली. 1910 साली व्हिएन्नात ऑस्कर हिर्श यांनी चेहऱ्याला चीर न देता, नाकाच्या आतूनच, जागा बधिर करून ती काढली. हिर्श माझ्यासारखेच नाकाचे डॉक्टर होते, याचा मला फार अभिमान वाटतो. नाझींमुळे 1938 साली त्यांना देश सोडावा लागला, तरी बोस्टनला जाऊन ते हेच काम करत राहिले. त्याआधी हार्वे कुशिंग यांनी वरचा ओठ उचलून या वाटेने दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि मग ती सोडून कवटी उघडण्याकडे वळले. ते वळले तसं जग वळलं. वाट मोडली नाही ती एडिंबराच्या नॉर्मन डॉट यांच्यामुळे. त्यांच्याकडून ती पॅरिसच्या गियोंनी घेतली, गियोंकडून मॉन्ट्रियलच्या ज्यूल्स हार्डींनी आणि त्यांनी तिथे सूक्ष्मदर्शक आणला. पिट्सबर्गमध्ये मेंदूचे सर्जन हे-डोंग जो आणि नाकाचे सर्जन रिकार्डो कारौ यांनी एकत्र येऊन 1997 साली एंडोस्कोपने केलेल्या 50 रुग्णांचा अनुभव छापला. एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून बघितलं, म्हणून हे टिकलं. मीही त्या दिवशी शेजारी उभाच होतो.

दोन सर्जन, चार हात, दोन नाकपुड्या. नाकाच्या सर्जनच्या हातात दुर्बीण, मेंदूच्या सर्जनच्या दोन्ही हातांत हत्यारं, आणि चौघा-पाचजणांचे डोळे एकाच पडद्यावर. गाठ मोठी म्हणून त्यांनी आधीच नाकाच्या पडद्याचं अस्तर, त्याची रक्तवाहिनी मागे शाबूत ठेवून, पान सोलावं तसं उचललं आणि घशाकडे दडवून ठेवलं. मग स्फेनॉइडची भिंत. मग खोगिराचा तळ, अंड्याच्या टरफलासारखा पातळ झालेला. पोखरण्याआधी त्यांनी एक बारीक डॉप्लर टेकवला आणि खोली "घूं, घूं" आवाजाने भरली. तो कॅरोटिडचा आवाज होता. इकडे आहे, तिकडे आहे, मध्ये शांत. त्या शांत जागेत आवरण उघडलं आणि गाठ आपणहून बाहेर आली, सैल पिठल्यासारखी, करडी-पिवळट. गोल वाटीच्या चमच्यांनी खरवडत, ओढून घेत, धुवत तास गेला. शेवटी वरचा पातळ पडदा खाली उतरला आणि नाडीबरोबर हलायला लागला. त्या पडद्यापलीकडे डोळ्यांच्या नसा होत्या. कोणी काही बोललं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही मान वर करून पडद्याकडे बघितलं.

नाडीबरोबर हलणाऱ्या त्या पातळ पडद्याला एक चीर गेली आणि मेंदूभोवतीचं पाणी ठिबकायला लागलं. आधीच्या काळी लोक इथे हरायचे. नाक हे जंतूंचं घर, मेंदूचं पाणी निर्जंतुक, मध्ये दार उघडं राहिलं तर मेंदूज्वर. मांडीतली चरबी भरली आणि दडवून ठेवलेलं नाकाच्या पडद्याचं अस्तर काढून वर पसरलं. ही युक्ती अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातल्या हदाद आणि बासागास्तेगी यांची, 2006 साली छापून आलेली. जिवंत रक्तपुरवठ्याचं अस्तर असल्याने ते काही दिवसांत चिकटतं, पण ते चिकटेपर्यंतची राखण रुग्णाची.

आणि राखण परळात होत नाही, ती पोलादपूरच्या डोंगरात होते. सुट्टी देताना कागदावर छापील सूचना होत्या: नाक शिंकरू नये, वाकू नये, जड उचलू नये, कुंथू नये. मी तो कागद तिच्यासमोर धरून वाचला आणि माझ्या लक्षात आलं की यातलं "जड" म्हणजे फाल्गुनात तिच्यासाठी हंडा. शिमग्यानंतर वाडीतल्या विहिरी तळ गाठतात आणि बायका उतारावरून दोन-दोन हंडे आणतात. "वाकू नये" म्हणजे चूल, केर, शेण, धारा. मी तिच्या सासूला वेगळं बोलावलं. सत्तरीची बाई, माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत ऐकत होती. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, नाक दाबायचं नाही. नाकातून पाण्यासारखं ठिबकलं, चवीला खारट लागलं, तर रुमालावर घ्यायचं. शेंबूड वाळला की रुमाल कडक होतो, मेंदूतलं पाणी वाळलं तर होत नाही. तसं झालं तर रात्र असो, पाऊस असो, गाडी करायची. पाणी किती पितेय आणि लघवी किती होतेय ते मोजायचं, आठवड्याभराने ओकाऱ्या, ग्लानी आली तर थांबायचं नाही, रक्तातलं मीठ उतरलेलं असतं. आणि स्टेरॉइडची गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

म्हातारी म्हणाली, "हंडा मी आणीन. ती न्हाय वाकायची." सव्वा महिना, बाळंतिणीसारखी, तिने सुनेला बसवून ठेवली. कोयंडा लावून गोठ्यात जाऊ दिलं नाही, असं सून नंतर सांगत होती.

गोळीवर मी एवढा जोर का देतो, ते 22 जुलै 2021पासून. त्या रात्री महाडात सावित्री बाजारात शिरली. आम्ही महाडकर पुराला सरावलेलो. इशारा आला की सामान माळ्यावर. माझी यंत्रं वर गेली होती म्हणून वाचली. पण त्या वेळचं पाणी कोणाच्या सरावातलं नव्हतं. तळमजले बुडाले, औषधांची दुकानं चिखलाने भरली, वीज नाही, फोन नाही. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळून 80हून अधिक माणसं गेली, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीत दरडी आल्या. त्या धांदलीत एका बिनपुराच्या दुखण्याकडे कोणाचं लक्ष जाणार? बाजारपेठेत राहणारा एक गृहस्थ, पिट्युटरीची शस्त्रक्रिया झालेला, तिसऱ्या दिवशी भावाच्या खांद्यावर हात टाकून गुडघाभर गाळातून आला. उलट्या, रक्तदाब लागत नव्हता. गोळ्यांचं पाकीट घरासोबत वाहून गेलं होतं. अशा काही माणसांचं शरीर स्वतःचं पुरेसं स्टेरॉइड तयार करत नाही. ताप, धक्का यांत गोळी दुप्पट लागते, आणि त्याची तर दोन दिवस एकही नव्हती. वरच्या घरात हायड्रोकॉर्टिझोनची इंजेक्शनं होती. मेणबत्तीच्या उजेडात शीर शोधली, सलाइन खिडकीच्या गजाला टांगलं. संध्याकाळी त्याने डोळे उघडून पुराचं पाणी उतरलं का, विचारलं.

तेव्हापासून मी अशा प्रत्येकाला दोन ठिकाणी गोळ्या ठेवायला लावतो. एक पट्टी घरात. दुसरी प्लास्टिकमध्ये बांधून उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. खिशात मराठीत लिहिलेला कागद: याची पिट्युटरीची शस्त्रक्रिया झाली आहे, शुद्ध हरपली तर आधी स्टेरॉइड द्या.

ताई जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. बांगड्या दोन-सहाच्या होत्या. सूज उतरते, हाड उतरत नाही. जबडा आहे तसाच राहणार, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. मी खुर्ची ओढून समोर बसलो, बोट कानाच्या बाजूने आणलं. डाव्या डोळ्याला गालाच्या रेषेवरच म्हणाली, "हां." उजव्याला अजून थोडं आत यावं लागलं. आवाज मात्र तसाच जाड होता, त्याबद्दल तिने विचारलं आणि मी म्हणालो की तो बहुधा असाच राहील.

परळचा कागद उघडला. वाढीचं हार्मोन बरंच उतरलं होतं, पण हवं तेवढं नाही. एका बगलेला, कॅरोटिडला चिकटून, गाठीचा तुकडा राहिला होता. तो ओढला असता तर ती टेबलावरून उठली नसती. आता महिन्याला एक इंजेक्शन, नाहीतर किरणोपचार, हे तिथल्या डॉक्टरांनी ठरवायचं होतं. इंजेक्शनची किंमत वाचून तिने कागद घडी करून कनवटीला लावला.

"लावणीला वाकता येईल का, तेवढं सांगा."

मी तारखा मोजल्या. चार महिने होऊन गेले होते, परळच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून अस्तर धरलंय असं लिहिलं होतं. येईल, म्हणालो, पण चिखलातली रोपांची ओझी डोक्यावरून न्यायची नाहीत. आणि लावणी आटोपली की आठ दिवसांच्या आत परळ.

"नागपंचमीनंतर जाते," ती म्हणाली. मी कागदाच्या मागे तारीख घातली, खाली सासूसाठी मोठ्या अक्षरात पुन्हा एकदा लिहिली आणि ती पोलादपूरची चारची गाडी पकडायला उठली.